बोटताईंची एकमेव सफर

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे बोटताईच म्हणत. मालक म्हणायचे, गिऱ्हाइकं म्हणायची, समोरचा चहावाला तर हिशेबाच्या वहीतही तसंच लिहायचा. त्या जहाजाच्या सफरी विकायच्या आणि मी शेजारच्या टेबलावर विमानाची तिकिटं काढायचे. माझं काम बिनबोलाचं. जायचं कधी, यायचं कधी, झालं. त्यांच्याकडे मात्र माणसं तासभर बसायची.

जोडपं समोर येऊन बसलं की त्या जहाजाचा नकाशा टेबलावर पसरायच्या. प्रत्येकाला बाल्कनीची खोली हवी असायची, तीही सगळ्यात वरच्या मजल्यावर. बोटताई शांतपणे विचारायच्या, "गाडी घाटात गेली की कुणाला मळमळतं?" दोघांपैकी एकजण दुसऱ्याकडे बघायचा. मग त्यांचं पेन खाली सरकायचं, जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर. इथे हेलकावे कमी बसतात. आणि खोलीच्या डोक्यावर काय आहे तेही बघून घ्या, नाहीतर वर नाचाचा हॉल निघायचा आणि तुम्ही पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचे.

विम्याचं बोलणं आलं की लोकांचे चेहरे उतरायचे. आमच्याकडे आजारपणाचा विमा आहे की, असं म्हणायचे. तो इथला, बोटताई सांगायच्या, जहाजावरचा डॉक्टर तो ओळखत नाही. आणि साखर असेल, रक्तदाब असेल तर आत्ताच सांगून टाका. आज लपवलेली गोळी उद्या तुमच्याच गळ्याशी येईल. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते. बंदरावर आदल्या दिवशी पोचा, जहाज जावयासाठीही थांबत नाही. शेवटी फोन. किनारा सुटायच्या आत तो विमानात ठेवतो तसा बंद ठेवायचा, नाहीतर भर समुद्रात तो जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि घरी आल्यावर बिल बघून घेरी येते. त्यापेक्षा जहाजाचं इंटरनेट आधीच घ्यावं, आत गेल्यावर महाग पडतं. "आणि घरच्या एकाजवळ तरी जहाजाचं नाव आणि खोलीचा नंबर देऊन ठेवा," हे त्या उठता उठता सांगायच्या.

इतकं सगळं सांगणारी ही बाई स्वतः कधी जहाजात चढली नव्हती. जहाज कंपन्या आमच्यासारख्यांना वर्षातून एखादी खोली जवळजवळ फुकट देतात, म्हणजे आम्ही बघून यावं आणि लोकांना सांगावं. बोटताई दर वर्षी ती खोली दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायच्या. घरी आई होती.

आईचा खुबा मोडला होता, आणि पुढे एका हाताची ताकदही गेली. दोन खोल्यांचं घर, वरच्या मजल्यावर. खाली एक शिंपीकाका, त्यांच्या मशीनची घरघर दिवसभर जिन्यात यायची. बोटताई सकाळी आईला उठवायच्या, अंघोळ घालायच्या, तिचे लांब केस विंचरून वेणी घालायच्या. दुपारी एक बाई येऊन बसायची. संध्याकाळी ऑफिस सुटलं की बोटताई कुणाशी दोन शब्द न बोलता बस गाठायच्या. लग्नाचं एकदा जमत आलं होतं, पण त्या माणसाला आई चालणार नव्हती. हे त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत, डबा पुसता पुसता सांगितलं होतं, जसं कुणी जुन्या घराचा पत्ता सांगावा.

त्यांना एक धाकटा भाऊ होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या इमारतीत राहायचा, बायको नोकरी करायची, दोघंही कामात. महिन्यातून एकदा यायचा, आईच्या पायाशी बसायचा, फळं आणायचा. बोटताईंचा त्याच्यावर फार जीव. त्यानंच पहिल्या पगारातून त्यांना घड्याळ घेऊन दिलं होतं, ते त्या रोज घालायच्या.

त्या वर्षी कंपनीची खोली आली आणि भाऊ स्वतः ऑफिसात आला. माझ्या देखत बोटताईंपुढे खुर्ची ओढून बसला नि म्हणाला, "ताई, या वेळेला तू जायचंच. आईकडे आम्ही दोघं बघतो. मी रजा टाकलीय."

बोटताईंनी शंभर कारणं काढली. त्याच्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं. भावजय रात्री तिथेच झोपणार होती, दुपारची बाई होतीच. बोटताईंचे डोळे भरून आले, ते त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्तानं लपवले. मग सवयीप्रमाणे त्या स्वतःचंच बुकिंग करायला बसल्या. मधली खोली, खालचा मजला, विमा. इंटरनेटपाशी आल्या तेव्हा भावानं हसत त्यांचा हात धरला.

"ते नको घेऊस. इतक्या वर्षांत एक आठवडा तरी फोनपासून सुट. बंदरावर उतरलीस की कर फोन."

मी म्हटलं, ताई, तुम्ही तर सगळ्यांना घ्यायला लावता. त्या म्हणाल्या, "सगळ्यांचे भाऊ असे नसतात गं." आणि तो रकाना त्यांनी रिकामा सोडला.

पुढचं मला त्यांच्याकडूनच कळलं, तुकड्यातुकड्यानं, कित्येक महिन्यांनी.

पहिले दोन दिवस त्या नुसत्या झोपल्या. उठवायला कुणी नाही आणि आपण कुणाला उठवायचं नाही, हे अंगवळणी पडायलाच वेळ गेला. मग त्या डेकवर खुर्ची टाकून बसू लागल्या. जेवणाच्या टेबलावर एक निवृत्त मुख्याध्यापिका भेटली, तिच्याशी गप्पा जमल्या. नकाशावर पेननं दाखवलेल्या जागा पायाखाली येत होत्या, आणि आपण लोकांना खोटं काही सांगितलं नाही याचा त्यांना आनंद होत होता. पहिल्या बंदरावर त्यांनी घरी फोन केला. भाऊ म्हणाला, आई आत्ताच झोपलीय, उठवू का? त्या म्हणाल्या, नको नको, झोपू दे.

पुढच्या बंदरावर त्या एका कॉफीच्या दुकानात बसल्या. दुकानाच्या वायफायला फोन जोडला तसा एक निरोप येऊन पडला. शिंपीकाकांचा होता. 'ताई, काल आईंचा पलंग आणि तुमचं कपाट टेम्पोत चढवताना पाहिलं. घर बदलताय का? जाताना भेटला नाहीत म्हणून विचारलं.'

त्यांनी आईला फोन लावला. बंद. भावाला लावला, त्यानं उचलला नाही. थोड्या वेळानं त्याचा निरोप आला, 'सगळं छान आहे. तू मजा कर.'

मग त्यांनी मला फोन केला. आवाज इतका सपाट होता की मी आधी ओळखलाच नाही. मी जेवणाच्या सुट्टीत रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. दाराला नवं कोरं कुलूप. शिंपीकाका मशीन थांबवून जिन्यात आले आणि म्हणाले की भाऊ आणि भावजय आधी आईंना खुर्चीतून खाली घेऊन गेले, सामान मागाहून गेलं, आई रडत वगैरे नव्हत्या, आणि आज सकाळी एक अनोळखी जोडपं खोल्यांची मापं घेऊन गेलं. मी हे जसंच्या तसं बोटताईंना सांगितलं. काही लपवावं असं मनात आलं होतं, पण माझी जीभ वळली नाही.

जहाज सोडायचं म्हणजे उठून चालू पडणं नव्हे. पासपोर्ट जहाजाच्या ऑफिसात जमा असतो, उतरण्याची नोंद व्हावी लागते. हे सगळं त्यांना पाठ होतं. दोन तासांत बॅग घेऊन त्या धक्क्यावर उभ्या होत्या. तिथून त्यांनी विमा कंपनीला फोन लावला. सफर मधेच सोडावी लागली तर परतीचा खर्च मिळतो, पण कारण त्यांच्या यादीतलं लागतं. पलीकडची मुलगी मायाळू होती. तिनं विचारलं, "आई आजारी आहेत का? तसं असेल तर होऊन जाईल."

बोटताई म्हणाल्या, "आजारी नाही. आई कुठे आहे तेच मला माहीत नाही."

 मुलगी हळूच म्हणाली की असं कारण आमच्याकडे नाही.

विमानाचं तिकीट मी काढलं. बोटताई विमानतळावरून थेट भावाच्या घरी गेल्या. दार भावजयीनं उघडलं आणि ती आत निघून गेली. बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या मागे, बोटताईंची पुस्तकं आणि कपडे खोक्यांत भरून ठेवले होते. भाऊ म्हणाला की आईला गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलंय, चांगला आहे, नर्सेस आहेत. घर आईच्या नावावर होतं, ते विकलं. आश्रमाचा खर्च कुठून करायचा? आणि राहिलेल्यात त्याच्या फ्लॅटचं कर्ज फिटणार होतं, हेही त्यानं खाली बघत सांगितलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. म्हणून मला समुद्रात पाठवलंस?"

 तो म्हणाला, "आईला विचार. तिची संमती होती."

त्या तिथून तडक वृद्धाश्रमात गेल्या. खोली उजेडाची होती, भिंती पिवळसर, खिडकीत एक कुंडी. आई खुर्चीत बसली होती आणि तिचे केस मानेपर्यंत कापले होते. धुवायला सोपे म्हणून, असं तिथल्या नर्सनं सांगितलं. बोटताई म्हणतात, घर गेल्याचं ऐकताना मी उभी होते. ते केस बघितले आणि मला खाली बसावं लागलं.

आईनं बऱ्या हातानं त्यांचा हात घेतला. "त्याच्यावर चिडू नकोस. मीच म्हटलं त्याला."

"काय म्हटलंस?"

"मला कुठेतरी ठेव म्हटलं. तू घरात असतीस तर माझा पाय निघाला नसता. आणि तू मला जाऊ दिलं नसतंस. म्हणून म्हटलं, तिला आधी कुठेतरी पाठव. फोनसुद्धा घेऊ देऊ नकोस, नाहीतर अर्ध्या वाटेतून परत येईल."

 आपण ऑफिसात लोकांना खोल्या निवडून देत होतो तेव्हा आपल्याच घरात, आपल्याच चुलीशी बसून ही दोघं आपल्याबद्दल ठरवत होती. रोज सकाळी वेणी घालताना आई आरशात आपल्याकडे बघत होती, आणि तिला माहीत होतं. भावाचं एक वेळ समजलं असतं. हे कुठे ठेवायचं ते त्यांना कळेना.

मग आई उजळल्या चेहऱ्यानं म्हणाली, "आता घर तुझं एकटीचं. माझ्या पलंगाच्या जागी टेबल टाक, खिडकीशी. इतकी वर्षं तुला बसायला धड जागा नव्हती."

बोटताई तिच्याकडे बघत राहिल्या. आईला माहीत नव्हतं. आश्रमाचे कागद म्हणून तिच्यापुढे जे ठेवलं गेलं, त्यावर तिनं डोळे झाकून सह्या केल्या होत्या. आपण मुलीला मोकळं केलं, तिला घर दिलं, याच समाधानात ती इथे येऊन बसली होती.

"टाकशील ना?"

"टाकते," बोटताई म्हणाल्या.

ऑफिसजवळ त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली. आमच्या मालकांचे एक वकील मित्र होते, ते म्हणाले, सह्या फसवून घेतल्यात, खटला उभा राहील. पण त्यासाठी आईचा जबाब लागला असता, आणि आईला सगळं सांगावं लागलं असतं. बोटताईंनी वकिलांचे आभार मानले आणि विषय संपवला. दर रविवारी त्या आश्रमात जायच्या. आई टेबलाबद्दल विचारायची. आधी त्यांनी टेबल टाकल्याचं सांगितलं, मग पडदे बदलल्याचं. कुणाला कधी खोटं न सांगितलेली ही बाई आठवड्याभरात पुढच्या रविवारचं घर मनात रचायची. मला एकदा म्हणाल्या, "भिंतीला कुठला रंग दिलाय ते विसरले गं मागच्या वेळी. आईनंच आठवण करून दिली, फिका निळा म्हणून."

आईवरचा राग गेला नाही. त्यांनी तो लपवला फक्त. आई गेली तोवर तिचे केस पुन्हा वाढलेच नव्हते, दर महिन्याला कापले जायचे. बोटताईंनी तिथे कधी फणी नेली नाही. शेवटच्या दिवसांत आईनं एकदा विचारलं, तू मला माफ केलंस ना? बोटताई म्हणाल्या, पाणी देऊ का? आईनं पाणी घेतलं.

नंतर मी म्हटलं, आता तर आई नाही, आता भांडा भावाशी. त्या म्हणाल्या, "घर घेऊन काय करू? त्यानं तोंडावर सांगितलं असतं, ताई, मला पैसे हवेत, तर मी दिलं असतं. हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं विचारलं नाही."

गेल्या वर्षी भाऊ ऑफिसात आला. केस पांढरे झाले होते, मीही चटकन ओळखलं नाही. बोटताईंसमोर एक नवं जोडपं बसलं होतं. त्यांनी मान वर केली, त्याला पाहिलं, आणि पुन्हा नकाशाकडे वळल्या. तो माझ्या समोर बसला. मी विचारलं, कुठलं तिकीट काढायचंय? तो म्हणाला, बघू. पुष्कळ वेळ तो ताईच्या आवाजाकडे कान लावून बसून राहिला, मग उठला आणि दार हळू लावून गेला.

जोडपं गेल्यावर बोटताईंनी विचारलं, "कुठे चाललाय तो?"

"कुठेच नाही. नुसताच बसला होता."

त्यांनी नकाशाची घडी घातली, खणात ठेवली, आणि मला म्हणाल्या, "चल, चहा सांग दोन. माझ्यात साखर कमी."