शरावतीकाठच्या नऊ बरण्या

बसवनगुडीत आमच्या घरी मासा कुणी शिवत नाही. त्यामुळे मी शरावतीचे मासे गोळा करायला निघालोय हे ऐकून आमच्या हिनं कपाळाला हात लावला. पण ज्या कचेरीत मी तीस वर्षं प्राण्यांचे नमुने ठेवलेल्या काचेच्या बरण्या पुसल्या, तिथल्या साहेबांनी माझ्या निवृत्तीनंतर मला आठवणीनं बोलावलं होतं. धरणाचं पाणी भरण्याआधी नदीत कोणते मासे आहेत, त्याची यादी करायची होती. साहेबांसोबत बरण्या सांभाळायला मी.

ज्यांना तिकडे जायचंय त्यांनी रात्रीची गाडी धरावी. वाटेत गाडी बदलावी लागते, सामान स्वतः मोजून उतरवावं. मी तीनदा मोजलं. सागर स्टेशनाबाहेर चार आण्यांत दोन इडल्या आणि कॉफी मिळते. चटणी जहाल आहे, नाजूक पोटाच्या माणसानं मागू नये. पुढे नदीकाठच्या गावाला दिवसातून एकच बस. रस्ता लाल मातीचा, धोतर पुन्हा पांढरं होत नाही.

गावात मंजण्णा नावाचा म्हातारा कोळी आम्हाला होडी देणार होता. माझ्याकडे बघून तो कन्नडमध्ये, 'रायरे' म्हणजे रावसाहेब असा मान देत, म्हणाला, "रायरे, स्वल्प मागे बसा. माशांना तुमचा वास ओळखीचा नाही, पळतील."

साहेब हसले. मीही हसलो, पण होडीची कड सोडली नाही.

दोन दिवस जाळी टाकली. मंजण्णा प्रत्येक माशाचं नाव आणि ठिकाण सांगे, साहेब मासा टिकावा म्हणून फॉर्मालीनच्या बरणीत सोडत आणि मी चिठ्ठी लिहून आत टाकी. साहेबांनी शिसपेन्सिल दिली होती. मी चौथीपर्यंतच शिकलोय, पण माझं अक्षर वळणदार आहे. तीस वर्षांत मला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. आणि आता सांगितलं तर शाळेतल्या पोरासारखी पेन्सिल? मी खिशातलं शाईचं पेन काढलं. साहेबांचं लक्ष जाळ्यात होतं.

दुसऱ्या दुपारी मंजण्णानं धबधब्याखालच्या खडकावरून बोटाएवढा मासा सोडवून आणला. पोटानं दगडाला चिकटून राहतो, शेपटीवर काळा ठिपका.

"हा मला ओळखता येत नाही," साहेब म्हणाले. "चिठ्ठी नीट लिहा हं."

"पळत्या पाण्यातला आहे," मंजण्णा म्हणाला. "उभ्या पाण्यात मरतो. आम्हाला सरकार दुसरीकडे जमीन देईल. याला कुठली देणार? निदान नाव तरी लिहून न्या, रायरे."

त्यानं सांगितलेलं नाव मी झोकात लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी बांधताना पाहिलं, तर नऊही बरण्यांतलं फॉर्मालीन निळसर झालेलं आणि चिठ्ठ्या कोऱ्या. साहेब आंघोळीला गेले होते. तेवढ्या वेळात मी नव्या चिठ्ठ्या घेतल्या आणि पेन्सिलीनं, आठवेल तसं लिहून टाकलं. मोठ्या माशांची नावं आठवली. त्या बोटाएवढ्याचं काही केल्या आठवेना. दुसऱ्याच एका माशाचं नाव त्याच्या बरणीत घातलं आणि सगळ्या बरण्यांतलं फॉर्मालीन बदललं.

बसपर्यंत मंजण्णा पोचवायला आला. "नावं नीट राहिली ना?"

"राहिली, अण्णा."

त्यानं माझ्या पिशवीत दोन काकड्या कोंबल्या.

घरी येऊन महिना होत आला. यादी टाइप झाली. साहेबांनी कचेरीत चारचौघांत सांगितलं, "माशांची गावाकडची नावं मिळाली ती यांच्यामुळे." मी मान खाली घातली, तर सगळ्यांना तो विनय वाटला. हा मजकूर आधी त्यांना वाचून दाखवणार आहे, मग तुमच्या हाती देणार. पण बरणीतलं खोटं नाव खोडून मी तिथे काय लिहू? खरं नाव अजून आठवत नाही.

म्हणून विनंती. पाणी भरण्याआधी कुणी तिकडे जाणार असाल, तर बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरून मंजण्णाचं घर विचारा. त्या बोटाएवढ्या माशाचं नाव विचारा आणि लिहून आणा. पुन्हा विचारायला मला तोंड नाही. सोबत शिसपेन्सिल न्या.