आरोपीचा रकाना

वनरक्षकाच्या नोकरीतलं माझं दुसरं वर्ष होतं. आलापल्लीच्या बाजूचं एक बीट, म्हणजे राखायला नेमून दिलेला जंगलाचा भाग, माझ्याकडे होतं. मी चंद्रपूरची, शिंप्याची मुलगी. घरात सरकारी नोकरीत लागलेली मी पहिलीच, त्यामुळे ती जाण्याची भीतीही तेवढीच मोठी.

मोहफुलांच्या दिवसांत एका दुपारी माझ्या बीटमध्ये आग लागली. दोन मजुरांना घेऊन मी पोचले, तर जवळच्या गावातले एक म्हातारे बाबाजी एकटेच हिरव्या फांदीनं ज्वाळा झोडपत होते. मोहफुलं वेचायला आले होते. टोपली टाकून ते दिवस कलेपर्यंत आमच्यासोबत राबले. हातावर फोड आले होते. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर म्हणाले, "तुमी प्या आधी बाई. तोंड पाहा कसं लाल झालं."

दुसऱ्या दिवशी माझ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या क्षेत्र सहायकांनी, मला बोलावलं. समोर वनगुन्ह्याचा कागद होता.

"वरून सारखे फोन येऊन राह्यले. आरोपी पाहिजे म्हणतात. त्या म्हाताऱ्याचं नाव लिही. जागेवर होता ना तो?"

"आग विझवत होते ते, साहेब."

"फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखालचा पाला हेच लोक जाळतात."

"काही जण जाळतात. यांच्या झाडाखाली पाला झाडून बाजूला केलेला होता. जळलेला नव्हता. मी पाह्यलं."

"मी सांगतो ते लिही."

पेन हातातच राहिलं. प्रशिक्षणात शिकवलं होतं की तोंडी आदेश पटला नाही तर तो लेखी मागता येतो. परीक्षेत ते उत्तर मी पाठ करून लिहिलं होतं; माणसासमोर बसून म्हणायची ही पहिलीच वेळ.

"साहेब, हे मले लिहून द्या. मग मी माझं म्हणणं त्याखाली लिहीन."

"मले नियम शिकवून राह्यली का?"

"नाई साहेब. मले भीती वाटून राह्यली."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. वाघाचे माग वाचायला त्यांनीच मला शिकवलं होतं. मी तापानं पडले तेव्हा त्यांच्या घरून डबा यायचा. निवृत्तीला काही महिनेच उरले होते आणि वरिष्ठांच्या बैठकीत आरोपीचा रिकामा रकाना घेऊन त्यांनाच उभं राहायचं होतं.

शेवटी त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. आरोपीपुढे 'अज्ञात' लिहिलं. खाली आग विझवायला मदत करणारे म्हणून बाबाजींचं नाव घातलं आणि मला विचारलं, "दवाखान्यात नेलं का त्यायले?" नेलं नव्हतं. त्यांनी लगेच गाडी दिली.

बैठकीत साहेबांना सगळ्यांसमोर बोलणी बसली. मला आग उशिरा कळल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस आली. उत्तरात मी लिहिलं की एवढ्या मोठ्या बीटवर मी एकटी आहे, सोबतीला आणखी एक वनरक्षक द्यावा. साहेबांनी त्यावर शिफारस लिहून सही केली.

नोटीस मागे घेतली गेली. दुसरा वनरक्षक मात्र अजून आलेला नाही. मी दर उन्हाळ्याआधी तो अर्ज नव्यानं देते आणि पोच घेते.