चिमणाबाईचा रविवार

आमच्या चर्चमध्ये चिमणाबाई पारखे नेहमी शेवटच्या बाकावर बसायची. दाराजवळचा तो बाक एका पायानं आखूड होता. त्यावर कुणी टेकलं की तो ठक्‌ करून वाजे, त्यामुळे ती आली हे पुढच्यांना मागे न वळताच कळायचं. ती फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी यायची. पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि पेला घ्यायचा विधी, आणि नेमकं प्रभुभोजनच तिला बंद केलेलं होतं.

जिला वाढायचं नाही असं ठरलंय तिनं पंगतीच्याच दिवशी हजर व्हावं, याचं मला नवल वाटे. मी शाळेत शिकवायचे आणि तिची मुलगी सरिता माझ्या वर्गात होती, त्यामुळे आमचं बोलणं होतं. एकदा मी विचारलंच.

"मला नाय दिलं तरी चालंल, बाई," ती म्हणाली. "पण माझ्याकडं बघितल्याबिगर त्यांच्या घशाखाली उतरू नये."

हे ती हसत म्हणाली. चिमणाबाई रागाचं काहीही बोलायची ते हसतच. अंगानं लहानखुरी, चालणं झपझप, आणि डाव्या हाताच्या अंगठ्यावर द्राक्षाच्या कात्रीचा जुना घट्टा. मखमलाबादपासून पुढे जेवढ्या बागा होत्या, त्यांतल्या निम्म्या बागांत तिची टोळी काम करायची. टोळी म्हणजे डझनभर बाया, बहुतेक पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून आलेल्या. ख्रिस्ती ती एकटीच. कोणत्या बागेत कधी जायचं, कुणाला किती ओळी द्यायच्या, हे ती ठरवायची. तिच्या बाया घडाला हात लावत नसत. देठाला धरायचं, कात्री चालवायची, क्रेटमध्ये अलगद निजवायचं. मण्यांवरची पांढरट झिलई पुसली गेली की माल परदेशी जात नाही, म्हणून बागाईतदार तिच्या टोळीसाठी थांबून राहत.

शेतमजुरांची सुट्टी बाजाराच्या दिवशी असते. नाशकात बाजार बुधवारी, म्हणून टोळीची सुट्टी बुधवारची. रविवार त्यांच्या लेखी मंगळवारासारखाच. भांडणाची सुरुवात इथूनच झाली.

चिमणाबाईचा नवरा वाळू हा चांगला धडधाकट माणूस त्र्याण्णव साली अर्धांगवायूनं खाटेला लागला. तोपर्यंत ती रविवारी टोळी दुसरीच्या हवाली करून चर्चला यायची. आता तिला रविवार सोडणं परवडेना. हंगामात एक दिवस मुकादमीण नसली की दुसरी टोळी बाग बळकावते. ती रविवारीही कामाला जाऊ लागली.

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांत तेव्हा कारभारी त्रिभुवन यांचा शब्द चाले. पंचांना आमच्याकडे 'वडील' म्हणतात. उंच, ताठ, पांढऱ्या टोपीतले. मी त्यांच्यावर अन्याय करणार नाही, ते ढोंगी नव्हते. रविवारी त्यांच्या विहिरीवरची मोटर बंद असे, घरात शनिवारी शिजवलेलं खात, नातवंडांना चेंडूसुद्धा खेळू देत नसत. तेव्हा त्यांच्या शेतात गहू आणि कांदा. गहू-कांद्याला एक दिवस थांब म्हटलं तर थांबतो. जो नियम स्वतःला सोपा जातो तो सगळ्यांनाच सोपा असतो, अशी त्यांची खरोखरची समजूत होती.

एका रविवारी उपासनेच्या शेवटी, सूचना सांगतात त्या वेळी, ते उभे राहिले. चिमणाबाई त्या दिवशी मुद्दाम सुट्टी काढून आली होती, कारण वाळूसाठी प्रार्थना मागायची होती. कारभारी म्हणाले, "आपल्यातली भगिनी चिमणाबाई पारखे ही प्रभूचा दिवस मोडून मजुरीला जाते. पंचांनी तिला समज दिली. ती ऐकत नाही. म्हणून ती पश्चात्ताप करीपर्यंत तिला प्रभुभोजन बंद."

ती उठून म्हणाली, "घरात माणूस पडलाय, वडील."

"सहा दिवस दिलेत देवानं, चिमणाबाई. सातवा त्याचा."

"सुट्टी बुधवारची असती. बुधवारी येऊ का देवाकडं?"

कुणीतरी हसलं. कारभारींना ते लागलं असावं. ते म्हणाले, "देवाघरी बाजाराचा हिशेब चालत नाही. बसा खाली."

ती बसली ती पुढच्या बाकावर नाही. उठून मागे गेली आणि त्या आखूड पायाच्या बाकावर बसली. वाळू पुढच्याच वर्षी गेला. पंच येऊन प्रार्थना करून गेले. मातीला सगळे होते, कारभारीही होते. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला तेव्हा तिनं हात काढून घेतला नाही. फक्त त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली.

त्यानंतरचे महिन्याचे पहिले रविवार मी पाहिले आहेत; तेवढी सकाळ ती बाग सोडून यायची. सगळे वेदीसमोरच्या कठड्याशी जाऊन गुडघे टेकत, आणि रिकाम्या बाकांच्या शेवटी एकटी चिमणाबाई पांढऱ्या लुगड्यात ताठ बसलेली असे. भाकर आणि पेला घेऊन परतणाऱ्या प्रत्येकाला तिच्याकडे तोंड करूनच यावं लागे. कारभारी परतताना ती म्हणायची, "सलाम, वडील." तेवढंच. वर्षानुवर्षं.

मधल्या काळात दोघा-तिघा पाळकसाहेबांनी हे मिटवायचा प्रयत्न केला. पंच म्हणत, तिनं पश्चात्ताप केल्याचं सर्वांसमोर सांगावं, आजच मोकळी. ती म्हणे, "सांगंन की. येळ आली म्हंजी सांगंन."

मग कारभारींनी द्राक्षं लावली. धाकट्या मुलाच्या आग्रहानं गहू-कांद्याचं रान मोडून बाग उभी केली. बाग हे लहान मुलासारखं प्रकरण असतं, तिला वार कळत नाही. पहिली एक-दोन वर्षं कारभारींनी रविवारी बागेच्या फाटकाला कुलूप लावून पाहिलं. मग मुलगा हळूच बाया आणू लागला आणि कारभारी रविवारी बागेच्या बाजूला जाईनासे झाले. बाया हिंदू, मुकादम हिंदू. आपण काम करत नाही एवढं समाधान त्यांना पुरत असावं. चिमणाबाईला हे सगळं ठाऊक होतं. बागांच्या रस्त्यावर काहीच लपत नाही.

"रयवारची आज्ञा वाचून दाखवा बरं, बाई," ती एकदा मला म्हणाली. "काम करू नये त्यांत दास-दासीबी हायेत ना? बैलबी हाय."

"आहेत," मी म्हणाले.

"मग तिथल्या बाया कोण? मोटारी?"

"पंचांसमोर बोल ना हे."

"छे! येवढ्यात? पिकू द्या की जरा."

दोन हजार तीनचा मार्च. मुलानं माल युरोपला द्यायचं ठरवलं होतं. रविवारी संध्याकाळी कंटेनर भरायचा, असं पॅकहाउसवाल्यांनी कळवलेलं. शनिवारी आभाळ भरून आलं. पिकल्या द्राक्षावर पाऊस पडला की मणी तडकतात, मग ती परदेशीही जात नाहीत आणि इथल्या बाजारातही कुणी धड विचारत नाही. आभाळ बघून जो तो आपली बाग उरकायच्या मागे लागला आणि कारभारींची नेहमीची टोळी पिंपळगावच्या एका बागाईतदारानं जास्त मजुरी देऊन उचलली. मोकळी होती ती एकच टोळी.

शनिवारी चार वाजता कारभारी त्रिभुवन स्वतः चिमणाबाईच्या पत्र्याच्या घरी आले. मी तिथेच होते. सरिताला पहिली मुलगी झाली होती, तिला बघायला गेले होते. आत बाळ, बाहेर ओट्यावर आम्ही दोघी.

"सलाम, वडील," चिमणाबाई म्हणाली. "या, बसा. च्या ठेवू?"

"चहा नको. चिमणाबाई, उद्या टोळी पाहिजे. सकाळपासून."

"उद्या रयवार हाय, वडील."

त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, "बैल खड्ड्यात पडला तर विश्रांतीच्या दिवशी, शब्बाथालासुद्धा काढतात. प्रभूनंच सांगितलंय."

"व्हय. माझा वाळू खाटंवर पडला हुता तवा हा बैल कुठं बांधला हुता?"

कारभारी ओट्याच्या कडेला टेकले. मला त्यांची दया आली, हे खरं आहे. चिमणाबाईला आली नाही, हेही खरं.

"चुकलं असंल माझं," ते खाली बघत म्हणाले.

"हितं नका म्हणू. हितं बाई आन् मी दोघीच हाय." ती उठून उभी राहिली. उभी राहिली तरी ती बसलेल्या कारभारींपेक्षा फार उंच दिसत नव्हती. "उद्या पैला रयवार हाय. उपासनेला मी येणार. मला जिथं हुबं राहून बंद केलं, तिथंच हुबं राहून मला कामाला बोलवा. सगळ्यांम्होरं. मग देते उत्तर."

"भर चर्चात?"

"तिथंच बंद केलं हुतं ना?"

"म्हणजे येशील ना?"

"तुम्ही इचारा, वडील. उत्तर तिथं मिळंल."

ते गेले. त्यांनी हे उत्तर होकारासारखं घेतलं, आणि खरं सांगायचं तर मीही. मला वाटलं, एवढ्या वर्षांचा अपमान धुऊन निघेल, मग ती टोळी घेऊन जाईल, दोघंही मोकळी होतील. शाळेतल्या भांडणांचा शेवट मी असाच करत आले होते.

दुसऱ्या दिवशी ती आली. बाक वाजला. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, हातात काही नाही. खिडकीबाहेर आभाळ शाईच्या दौतीसारखं झालं होतं आणि कारभारींचा मुलगा दाराशी मोटारसायकल चालूच ठेवून उभा होता.

सूचनांच्या वेळी कारभारी उठले. आवाज नेहमीसारखा नव्हता. "भगिनी चिमणाबाई पारखे यांना... माझी विनंती आहे. आज माझ्या बागेत माल काढायचा आहे. आभाळ आलंय. त्यांनी टोळी घेऊन यावं."

चर्चमध्ये कुजबुज उठली ती थांबेना. पाळकसाहेब नवे होते, तरुण होते. त्यांनी हात वर केला तेव्हा कुठे शांत झालं.

"आज? रविवारी, वडील?" चिमणाबाईनं मागून विचारलं. ती उभी राहिली होती.

"होय. आज."

"मजुरीला?"

"होय."

ती मधल्या वाटेनं पुढे आली. हसत नव्हती, ते मी पहिल्यांदा पाहिलं. कारभारींकडे न बघता ती पाळकसाहेबांना म्हणाली, "पाळकसाहेब, पंचांनी सांगितलं हुतं, पश्चात्ताप करीपर्यंत बंद. मी पश्चात्ताप केला. आजपासून मी रयवारी कामाला जाणार नाय. कुणाच्याच बागंत. हे सगळे ऐकतायत. आता मला भाकर द्या."

आधी कुणाला समजलंच नाही. मग दाराशी चालू असलेली मोटारसायकल बंद झाली आणि सगळ्यांना समजलं.

पाळकसाहेबांनी पंचांच्या बाकाकडे पाहिलं. नियम त्यांचाच होता. "या, चिमणाबाई," पाळकसाहेब म्हणाले.

ती कठड्याशी सगळ्यांत आधी गेली. आम्ही तिच्या मागून. कारभारी जागेवरून हलले नाहीत. भर मंडळीत रविवारचे मजूर मागून झाल्यावर कठड्याशी कोणत्या तोंडानं जाणार? मी परत येताना पाहिलं, ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते आणि सगळे त्यांच्याकडे तोंड करून परतत होते.

दुपारी पाऊस आला, गारांसकट. त्यांची बाग तडकली.

टोळीतली अंबूबाई मला नंतर भेटली तेव्हा कळलं की चिमणाबाईनं बायांना शनिवारी, कारभारी यायच्याही आधी, सांगून ठेवलं होतं, "उद्या न्हाऊन घ्या गं. काम नाय." पिंपळगावला टोळी गेल्याची बातमी तिला सकाळीच लागली होती. कारभारी येणार हे तिनं ओळखलं होतं.

मी तिला रागावले. "एवढा माल गेला, चिमणाबाई. वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. पत्र्यावर गारा वाजत हुत्या, मी हितं रडत बसले. चांगले टपोरे घड हुते, बाई. द्राक्षांचं लय वाईट वाटलं." जराशानं म्हणाली, "माणसाचं नाय वाटलं."

शब्द तिनं पाळला, तोही तिला महाग पडला. रविवारी टोळी थांबवायची म्हणून तिनं टोळीची सुट्टीच बुधवारवरून रविवारी नेली. बाया बाजार बुडतो म्हणून कुरकुरल्या, तिघी सोडून गेल्या, दोन बागाईतदारांनी तिला कायमचं काढलं. ती तक्रार करत नसे. रविवारी काम करावं की करू नये, यावर आमच्याकडे अजून वाद होतो, पाळकसाहेब एक म्हणतात, पंच दुसरं. तिला त्या वादात रस नव्हता. तिला भाकर हवी होती, आणि ती कारभारींच्या हातून सुटलेली हवी होती.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी कारभारी त्रिभुवन उशिरा आले. पंचांच्या बाकापर्यंत गेले नाहीत. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर टेकले आणि तो ठक्‌ करून वाजला. चिमणाबाईनं, पुढच्या बाकावरून, मान वळवली. तिच्या शेजारी मी होते, म्हणून मला ऐकू आलं. ती हसत होती.

"बसा, वडील, निवांत बसा," ती हळू म्हणाली. "लय वर्सं गरम करून ठिवलाय तुमच्यासाठी."