आमची वाइडस्प्रेड फॅमिली

त्या दिवशी माझं कशातच लक्ष नव्हतं. सकाळी कोइम्बतूरहून नवऱ्याचा फोन आला होता. तिथं त्याचं सोनं गाळायचं दुकान आहे. "शाळा सोड आन् आता हिकडंच ये. सांजच्याला फोन करतो, तवा सांग." विचारणं नव्हतंच ते, हुकूम होता.

आणि नववीला इंग्रजी शिकवताना धड्यात नेमका शब्द आला, 'वाइडस्प्रेड'. म्हणजे दूरवर पसरलेलं. साथ, अफवा, पुराचं नुकसान, असल्यांना लावतात, मी सांगितलं. वाक्य करा म्हटलं तर पहिल्या बाकावरची मुलगी ताडकन उठली. "माय फॅमिली इज वाइडस्प्रेड." एक काका चेन्नईला, एक लुधियान्याला, वडील कोलकात्याला. सोनं गाळायच्या धंद्यापायी आमच्या विट्याकडची कितीतरी घरं अशीच. मी म्हटलं, घरच्यांना तो शब्द लावत नाहीत, 'स्कॅटर्ड' लिही, म्हणजे विखुरलेली. ती बसेचना.

"विखुरल्याली न्हाई, बाई. जत्रंला समदी येत्यात."

मी उगाचच तिच्यावर खेकसले. राग तिचा नव्हताच.

शाळा सुटल्यावरही डोकं भणभणत होतं. आमच्या गल्लीत माझा नवरा धरून तीन भावांचे तीन बंगले, त्यातल्या दोहोंना कुलूप. तिसऱ्यात मी एकटी. शेजारच्या पत्र्याच्या घरात सासूबाई. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो म्हणून त्या बंगल्यात राहायला येत नाहीत. बंद बंगल्यांच्या चाव्या त्यांच्या स्वयंपाकघरात दोन खिळ्यांना टांगलेल्या असतात. अधूनमधून त्या जाऊन झाडलोट करतात, खिडक्या उघडतात, परत कुलूप लावून येतात.

मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई स्टुलावर उभ्या, हातात खलबत्त्यातला बत्ता. भिंतीत तिसरा खिळा ठोकत होत्या.

"आवं आई, हे काय चाललंय?"

"तुज्या चावीला. त्येचा फोन मलाबी आलाय. जा तू. माजी काळजी करू नगंस, मी हाय की हितं."

तोंड भिंतीकडंच ठेवून त्यांनी खिळ्यावर आणखी एक घाव घातला. मला नवऱ्याचा राग आला, त्या खिळ्याचा आला, आणि सासूबाईंची माया आली. खांद्यावरची पर्स काढून मी त्या खिळ्याला अडकवली.

"उद्या शाळेला जाताना इथूनच घेईन," मी म्हटलं. "आता उतरा खाली आणि चहा टाका."

त्या उतरल्या, पदरानं डोळे पुसत चुलीकडं वळल्या. तेवढ्यात खिळ्यावरच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला.