पाच नोव्हेंबर की अकरा मे

ऑफिसात तिला सगळे तारीखबाई म्हणत. आधी चेष्टेनं म्हणाले, मग ते अंगवळणी पडलं. काम तसंच होतं ना! किडनी बदलायची वाट पाहणाऱ्यांची यादी ठेवणारं ते कार्यालय. हॉस्पिटलं फाइली पाठवायची आणि तारीख लिहायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. कुणी दिवस आधी लिही, कुणी महिना आधी, आणि एक महाभाग तर तारखेच्या रकान्यात ‘मागच्या सोमवारी’ असं ठोकून मोकळा व्हायचा. या सगळ्यांना एका वळणात बसवायचं काम बाईचं. धान्य निवडावं तसं. फक्त निवडायला तिनं लिहिलेला प्रोग्राम होता, आणि तक्ते वाचणारी एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला आयता कोड, त्याच्या दिमतीला.

बाकी सगळं जुळत असेल, तर ज्याची नोंदणी आधीची त्याचा नंबर आधी, असा नियम होता. तारीख चुकली की रांग चुकली. आणि ही रांग काही सिनेमाच्या तिकिटाची नव्हे.

त्या रांगेत तिचे भाऊजीही होते. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत पडून असायचे. आई गेल्यावर ताईनंच तिला वाढवलं होतं. लग्न होऊन सासरी गेली ती धाकटीला बरोबर घेऊनच, आणि भाऊजींनी कधी हूं की चूं केलं नाही. उलट तिच्या कॉलेजसाठी सुट्टीच्या दिवशीही शिडीवर चढले. असा माणूस शोधून सापडायचा नाही, हे मी शपथेवर सांगेन.

ऑगस्टात एक दिवस ताईचा फोन आला. “अगं, हॉस्पिटलातून कळवलंय, दुसरा नंबर आलाय! दुसरा!” ताई रडत होती की हसत होती, कळेना. मागून भाऊजी ओरडले, “मेहुणीबाईंना म्हणावं, वशिला लावला नाहीस ना?”

बाई हसली. पण दोनच दिवसांनी तिचं हसू मावळलं. यादी चाळताना एक रुग्ण दिसला, नोंदणी पाच सप्टेंबरची. अहो, सप्टेंबर अजून उजाडायचा होता! न आलेल्या दिवशी माणूस नाव कसं घालेल? तिनं मूळ फाइल उघडली. तिथे होतं ०९/०५, म्हणजे नऊ मे.

हे हॉस्पिटल यादीला नवं होतं, दिवस आधी लिहिणारं. त्याची फाइल जोडताना ‘दिवस आधी’ एवढं सांगायचं तिच्याकडूनच राहून गेलं होतं. लायब्ररी आपल्या सवयीनं महिना आधी वाचत गेली. तेरा तारखेपासून पुढे तिला तसं जमेना, कारण तेरावा महिना नसतो, म्हणून त्या तारखा तिनं निमूट सरळ वाचल्या. बारापर्यंतच्यांत दिवस-महिना उलटे झाले. ना तक्रार, ना लाल अक्षरं. सगळं कसं नीटनेटकं!

भाऊजी त्याच हॉस्पिटलात होते. त्यांचा अर्ज तिनंच भरला होता, रुग्ण क्रमांक तिला पाठ होता. मूळ फाइलीत होतं ०५/११. मागच्या वर्षीची पाच नोव्हेंबर. यादीत मात्र अकरा मे लागली होती. सहा महिने फुकटात मिळाले होते.

ती उठून तोंड धुऊन आली. चूक तिनं केली होती आणि ती फक्त तिला ठाऊक होती. गप्प बसली असती तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. पण ज्यांना मागे ढकललं होतं त्यांच्याही घरी कुणाची तरी ताई असेलच की. हे मनात आलं आणि तिला रडूच फुटलं.

मग ती साहेबांकडे गेली. “चूक माझी आहे. आणि यात माझे भाऊजी आहेत, म्हणून दुरुस्ती तुम्ही शेजारी बसून बघा,” म्हणाली. प्रोग्राममध्ये एक शब्द घालायचा होता, तो घातला. भाऊजी नवव्या नंबरावर गेले.

हे ताईला सांगायला ती स्वतः गेली. ताई ऐकून घेत होती, मग एकदम कडाडली, “हे सांगायला तुझी जीभ कशी रेटली गं? गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“तिला बोलू नकोस,” भाऊजी कॉटवरून म्हणाले. “माझी पाटी चुकली तर मी पुसून पुन्हा रंगवायचो की नाही?” पण त्यांनीही तोंड भिंतीकडे फिरवलं. शेवटी माणूसच ते, जगायची आस कुणाला नसते!

पुढच्याच महिन्यात त्यांच्या रक्तगटाच्या दोन किडन्या आल्या. पहिल्या आणि दुसऱ्या नंबराला मिळाल्या. भाऊजी थंडी संपायच्या आत गेले.

ताईनं बोलणं टाकलं. बाई दर रविवारी जायची, भाजी ठेवायची, भांडी घासायची आणि परत यायची. ताई दार उघडायची, एवढंच.

असे बरेच महिने गेले. मग एका दुपारी ताईच ऑफिसात आली आणि न विचारता समोरच्या खुर्चीत बसली. बाईनं पाणी पुढे केलं, ते तिनं घेतलं नाही.

“त्या दुसऱ्या नंबराचं काय झालं?”

“ताई, ते आम्हाला सांगता येत नाही.”

“मी नाव विचारतेय का? जगला का मेला, तेवढं सांग.”

बाईनं तिच्याकडे पाहिलं. नियम तिला पाठ होते. तरीही ती म्हणाली, “बरा आहे. कामावर जातो.”

ताईनं पदर तोंडाला लावला.

“मेला असता ना,” ती शेवटी म्हणाली, “तर तुला जन्मात माफ केलं नसतं मी.”

आणि तिनं पाण्याचा पेला उचलला.