देखाव्याची खोली

दरडीत आमचं घर गेल्यावर पाचगणीच्या एका मालकानं पर्यटकांसाठी बांधलेल्या बंगल्यातली एक खोली आम्हाला वर्षाच्या बोलीवर राहायला दिली. "सगळ्यात भारी खोली देतोय. खिडकीतून अख्खा डोंगर दिसतो," तो म्हणाला. दिसला खरा. आमच्या घरावर आलेला तोच डोंगर. आईनं लगेच खिडकीवर लुगडं बांधलं.

मालक कळवळला. "मावशी, ह्या देखाव्यासाठी लोक पुण्याहून येतात!"

"आवं, आमी त्यो लय जवळनं बघितलाय," आई म्हणाली.

शेवटी त्यानं पार्किंगच्या भिंतीसमोरची खोली दिली. तिच्याबद्दल पाहुणे हमखास तक्रार करायचे. त्या भिंतीकडं तोंड करून आई महिन्याभरात पहिल्यांदाच गाढ झोपली. आम्ही अजून तिथंच राहतो.