विद्यामावशींचा वाळूतला साप

विद्यामावशी मला जेवायला बोलवायच्या आणि ताटं घेता घेता सापाच्या जेवणाविषयी बोलायच्या. "तो गांडुळं नाही खात रे. गांडुळासारखे दिसणारे बिनपायांचे सरडे असतात मातीत, ते खातो. ते संपले की हाही संपला." आणि लगेच, "भात वाढू?"

नोकरीसाठी शिकागोजवळ शॉमबर्गला आलो तेव्हा मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी नेहा तिकडे पश्चिम किनाऱ्यावर, बॉथेलला. मावशी शिकागोच्या एका संग्रहालयात सापांवर काम करत. त्यांचा जीव मात्र एकाच सापात अडकलेला. ब्राझीलच्या माळरानातला, पेन्सिलीएवढा जाड. अंग लाल, डोकं काळं, मानेभोवती पांढरं कडं. सगळं आयुष्य वाळूत, नाहीतर वारुळाच्या बुडाशी. संग्रहालयातल्या बाटल्यांत त्याचा लाल रंग पार उडाला होता. जिवंत साप मावशींनी कधीच पाहिला नव्हता.

आधी बरा झालेला कॅन्सर उलटला आणि त्यांनी ब्राझीलचं तिकीट काढलं. नेहा फोनवर रडली. "आई, प्लीज, कॅन्सल इट!"

"ट्रीटमेंट आल्यावर घेते," मावशी म्हणाल्या. "तो माझ्यासाठी थांबणार नाही."

परतल्या त्या निम्म्या होऊन. एअरपोर्टवरून ड्राइव्ह करत होतो, तेव्हा शेजारून हळूच म्हणाल्या, "सापडला."

जुन्या नोंदींतली माळरानं सोयाबीनखाली गेली होती. एका शेताच्या कडेला जेमतेम पट्टा उरला होता, तिथे वारुळाखाली एकच मिळाला. बरोबरच्या तिथल्या संशोधकाने नमुन्यासाठी बाटली पुढे केली. मावशींनी साप वाळूत सोडून दिला.

"इतका लाल असतो रे! शेपटीचं टोक माझ्या तळहाताला टोचत होता बिचारा. एकटाच होता. कसा मारू?"

उन्हाळ्यात त्या संशोधकाचा मेसेज आला. तो पट्टाही नांगरला होता. मावशी तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. मीच वाचून दाखवला. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"बाटलीत घातला असता, तर निदान बाटलीत तरी राहिला असता."

बॉथेलहून आलेल्या नेहाने त्यांचा हात धरला. "यू वेअर काइंड टू इट, आई."

मावशींनी हात सोडवून घेतला. "त्याला काय उपयोग झाला?"

त्यानंतर जाईपर्यंत त्यांनी सापाचा विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही.